मेणाची रेघ

११ जानेवारी

बाबा,

सलाम. चार वर्षांनी लिहितेय आणि पहिल्याच ओळीत काहीतरी मागतेय, म्हणजे पोरगी सुधारलेली नाही हे तुम्ही ओळखलं असेलच. एकच मागणं आहे. वीस फेब्रुवारीच्या चर्चेला ते गोल पोळं नेऊ नका.

तुम्ही जा. भाषण करा. वेळापत्रकाचं उदाहरण द्या, ते मला अजून पाठ आहे. भिंतीवर ओल आपोआप पसरते, पण ओलीतून शाळेचं वेळापत्रक उमटत नाही. वेळापत्रक दिसलं की कुठेतरी मुख्याध्यापक आहेत हे मानावंच लागतं. तिथे लोक हसतात. मग तुम्ही आवाज खाली आणून म्हणता, तसंच डोळ्याचं, तसंच पंखाचं. रचना दिसली की रचणारी बुद्धी मानावी लागते, आणि ती बुद्धी म्हणजे आपला प्रभू. इथपर्यंत ठीक आहे. पण त्यानंतर पुरावा म्हणून काचेच्या पेटीवरचं कापड ओढून आतलं गोल पोळं दाखवता ना, ते करू नका. कापडही नको, पेटीही नको. पोळं घरी राहू दे.

कारण काय, तर रस्ते खराब आहेत. काच तडकेल. शिवाय मागे धरलेल्या दिव्याच्या उष्णतेने मेण मऊ पडतं.

मला कसं कळलं ते सांगते. मी सध्या कप्तानकडे कामाला आहे. जहाजावरचा कप्तान नव्हे, ट्रकवरचा. त्याच्या दोनशे चाळीस मधपेट्या आहेत. जिथे फुलोरा असेल तिथे शेताच्या कडेला पेट्या मांडायच्या, फुलोरा सरला की माश्या संध्याकाळी घरी परतल्यावर दारं बंद करायची, पेट्या ट्रकवर चढवायच्या आणि पुढे निघायचं. हसू नका. घरच्या माश्यांपासून पळाले आणि दोनशे चाळीस पेट्यांच्या मध्ये येऊन पडले. मधल्या काळात चपलांच्या दुकानात होते, छापखान्यात होते, आठ दिवस एका दातांच्या डॉक्टरकडेही होते, पण तिथे लोकांचं कण्हणं ऐकून माझेच दात ठणकायला लागले. असो. तर परवा पाणी भरायला एका चर्चच्या आवारात गेले आणि तिथल्या फळ्यावर तुमचा फोटो. टाय तोच. खाली पोळ्याचा फोटो, त्याखाली ‘रचना की उत्क्रांती?’, आणि तुमच्या विरुद्ध बाजूने बोलणार विद्यापीठातल्या कीटकशास्त्राच्या बाई.

त्या बाईंना मी पाहिलंय, बाबा. मागच्या हंगामात त्या आमच्या तळावर आल्या होत्या. एक मेलेली माशी उचलली, भिंगाखाली धरली आणि म्हणाल्या, “ही तुमच्या सूर्यफुलावर नव्हती. पलीकडच्या बागेत गेली होती, आणि तिथे औषध फवारलंय.” कप्तान जाऊन बघून आला. शब्द न् शब्द खरा. अशी बाई तुमच्या पोळ्याला भिंग लावणार.

लावू देऊ नका. पेटीत ओल शिरली म्हणून सांगा.

आईला माझी आठवण सांगा. पाकिटामागे लिहिलेला पत्ता कप्तानच्या गोदामाचा आहे, तिथून ड्रायव्हर टपाल आणून देतो.

तुमची,
भिंगरी

१२ जानेवारी

बाबा,

कालचं पत्र टाकलं आणि लगेच ते परत काढायला टपालपेटीत हात घातला. हात आत सहज जातो, बाहेर येत नाही. मागून एक बाई ओरडल्या, “काय गं, काय चोरतेस?” मी म्हटलं, माझंच पत्र आहे. त्या म्हणाल्या, “टाकलंस ना? मग आता तुझं कसं?” मनगट अजून सुजलंय, म्हणून अक्षर असं आलंय. म्हणजे एरवीही असंच येतं.

काल मी खोटं लिहिलं. रस्ते चांगले आहेत.

ते पोळं माश्यांनी आपल्या मनाने गोल बांधलेलं नाही. ते मी करून घेतलं होतं. तेव्हा मी दहा वर्षांची होते.

हे एका दमात लिहिलं, आता हळूहळू सांगते. परसातल्या भिंतीशी एक जुनी पेटी रिकामी पडलेली असायची, आत चौकटी नसलेली. तुम्ही त्या आठवड्यात मला सांगितलं होतं की माश्या सरळ भिंती बांधतात, एकीला लागून दुसरी, मध्ये जायला बोळ; त्यांना वळायला कोणी शिकवू शकत नाही. मी म्हटलं, बघू या. तुम्ही मेणाचे तुकडे डब्यात साठवायचात, त्यातले चार दिव्यावर वितळवले, शाळेचा रंगाचा ब्रश घेतला आणि पेटीच्या झाकणाला आतून रेघ काढली. मधोमध सुरू करून बाहेर बाहेर, गोल गोल. भोवऱ्याला दोरी गुंडाळतात तशी. ब्रश खराब झाला, तो मी गटारात टाकला. पुढच्याच आठवड्यात तुम्ही आंब्याच्या फांदीवरचा थवा उतरवून त्याच पेटीत सोडला. मी तुम्हाला काही बोलले नाही. मला वाटलं, उघडाल तेव्हा गंमत होईल, आणि मग सांगेन.

तुम्ही उघडलंत. झाकण उचललंत, उलटं केलंत आणि तिथेच मातीत बसलात. डोक्यावरची जाळीसुद्धा काढली नव्हती. म्हणालात, “भिंगरी, आईला बोलाव.” आई येईपर्यंत तुम्ही हात जोडले होते.

तेव्हा सांगायला हवं होतं. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. पण त्या दिवसांत तुमची काय अवस्था होती, ते लहान असले तरी मला दिसत होतं. शाळेतले मास्तर तुम्हाला पाद्रीबुवा म्हणून चिडवायचे आणि चर्चमधले लोक माकडमास्तर म्हणायचे, कारण तुम्ही वर्गात उत्क्रांतीचा धडा शिकवायचात. तुम्ही जेवताना मध्येच थांबायचात. प्रार्थना आईच करायची. आणि त्या झाकणाखाली तुम्हाला अचानक दोन्ही एका जागी सापडलं, शास्त्रही आणि देवही. तुम्ही त्या संध्याकाळी चक्क गाणं म्हणालात. मी म्हटलं, उद्या सांगते.

असं ‘उद्या, उद्या’ करत बारा वर्षं गेली.

बाबा, तुम्ही नेहमी म्हणता, रचना दिसली की रचणारा मानावा लागतो. तुमचं चुकलं नव्हतं हो. रचणारं कोणीतरी होतंच. फक्त ती मी होते, तुमच्या शेजारी उभी होते, आणि तुम्ही हात जोडलेत ते मी केलेल्या गोष्टीला. तेव्हापासून मला एका जागी बसता येत नाही. तुम्ही म्हणता पायाला भिंगरी आहे. असेल.

आणि मी का पळाले, तेही आता सांगूनच टाकते. चार वर्षांपूर्वी त्या मोठ्या सभागृहात तुमच्या भाषणाला मी पेटीमागे दिवा धरून उभी होते. भाषण संपल्यावर एक बसड्रायव्हर पुढे आला. खाकी शर्ट, हातात टोपी. तुम्हाला म्हणाला, “सर, मी प्रार्थना सोडून दिली होती. हे पाहिलं आणि परत सुरू केली.” तुम्ही त्याला मिठी मारलीत. माझ्या हातातला दिवा हलायला लागला, तुम्ही मागे वळून म्हणालात, “नीट धर.” मला नाही धरता आला. तुम्ही समजलात की माझा विश्वास उडाला. तुम्हाला तसं समजू दिलं, ते सोपं होतं.

आता घाबरायचं कारण ऐका. तो ब्रश स्वस्तातला होता, त्याचे केस गळायचे. झाकणाला जिथे पोळं चिकटलंय तिथे, अगदी मुळाशी, ब्रशचा एखादा केस नक्की असेल. बाईंना तो दिसणारच. तीनशे लोकांसमोर त्या तो चिमट्याने उचलतील. हे चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही. त्याआधी तुम्ही स्वतः बघा, स्वतः सांगा, पोळं घरी ठेवा, काहीही करा. शिव्या द्या. पण आधी वाचा.

भिंगरी

२१ जानेवारी

बाबा,

तुमचं पत्र मिळालं. ‘हस्ताक्षरात प्रगती नाही’ हे पहिलं वाक्य वाचलं आणि ट्रकच्या पायरीवर बसून मी मोठ्याने हसले. कप्तानला वाटलं काहीतरी चांगली बातमी आहे. मग दुसरं वाक्य वाचलं.

‘आरोप गंभीर आहे. पुरावा?’

तुम्ही लिहिता की झाकणाचं मूळ भिंग आणि सुई घेऊन दीड तास तपासलं, केस सापडला नाही. रेघेचा मागमूसही नाही, सगळं मेण एकसारखं. तुम्ही लिहिता की दहाव्या वर्षी मला वहीत सरळ समास आखता येत नव्हता, मग सारख्या अंतराची गोल रेघ मी उलट्या झाकणावर कशी काढेन? ते मलाही सांगता येत नाही. मी रेघ एकदाच काढली. सारखं अंतर माश्यांनी सांभाळलं असेल, त्यांना चालायला बोळ लागतोच. पण हे माझं मत, पुरावा नाही, तुम्ही लाल शाईने खूण कराल.

आणि मग शेवटचा परिच्छेद. ‘तुझा विश्वास गेला आहे. एकटीला करमत नाही, म्हणून तू मला सोबतीला ओढतेस.’

हे मात्र मी दोनदा वाचलं.

बाबा, मी चर्चमध्ये जात नाही हे खरं. रविवारी आम्ही कुठल्या गावाला असू याचा नेम नसतो. पण पेटी उचलताना तोंडातून प्रभूचं नाव निघतं, आणि ते नुसतं ओझं जड म्हणून नाही. तो आहे की नाही याचं भांडण माझ्या डोक्यात कधी झालंच नाही. माझं भांडण त्या काचेच्या पेटीशी आहे. तुम्ही त्याला तिच्यात नेऊन बसवलंत, आणि तिची चावी माझ्या खिशात होती. मला त्याच्याकडे बघायचं म्हटलं की आधी ते पोळं आडवं येतं. तुम्हाला कळतंय का मी काय म्हणतेय? मला नीट मांडता येत नाही, मी दहावीत दोनदा बसले.

काल आईचा फोन आला. म्हणाली, “तू खरं बोलतेस की खोटं, ते नंतर बघू. हे दिवसभर त्या पेटीसमोर बसून असतात. चर्चचे पाळकसाहेब येऊन गेले, त्यांच्याशीही बोलले नाहीत. मी यांना सांगू काय?”

मी म्हटलं, “आई, तुला ब्रश आठवतो का? हिरव्या दांड्याचा?”

“तुझ्या हरवलेल्या वस्तूंची मी यादी ठेवली असती तर घरात पाय ठेवायला जागा उरली नसती.”

म्हणजे साक्षीदारही नाही.

तुम्ही शेवटी लिहिलंय, ‘करून दाखव.’ ठीक आहे. करून दाखवते. माझ्याकडे दोनशे चाळीस पेट्या आहेत, सूर्यफूल ऐन भरात आहे. दहा दिवस द्या.

भिंगरी

१ फेब्रुवारी

बाबा,

झालं नाही.

पत्र इथेच संपवायला हवं, पण तुम्ही म्हणाल की प्रयोगाची कृती लिही. लिहिते. कप्तानकडे एक रिकामी पेटी मागितली. तो म्हणाला, “कशाला?” मी म्हटलं, माश्यांना गोल पोळं बांधायला लावायचंय. तो म्हणाला, “मध गोल निघतो का त्यातून?”

“नाही.”

“मग?”

सगळं सांगितलं. कप्तान देवाधर्माच्या वाटेला जात नाही, पण ऐकताना त्याने विडी विझवली. म्हणाला, “म्हणजे तू बापाला सांगतेस की मी लबाडी केली, आणि बाप म्हणतो की नाही, तू प्रामाणिक आहेस?”

“तसंच काहीसं.”

“भलतंच घराणं आहे. घे पेटी.”

झाकण घासून घेतलं, मेण वितळवलं, तसाच स्वस्तातला ब्रश आणला, तशीच रेघ काढली. थवा आत सोडला, साखरेचं पाणी ठेवलं आणि पुढचे आठ दिवस मी त्या पेटीभोवती अशी घिरट्या घालत होते की माश्यांनाच माझी सवय झाली. काल उघडली. तीन भिंती. सरळ, एकीला लागून दुसरी, मध्ये बोळ. माझी रेघ त्यांनी अशी ओलांडली होती की जणू ती तिथे नव्हतीच. दुसऱ्या एका पेटीतही केलं होतं, हाताशी असावं म्हणून. तिथे जरासं वळण घेतलं आणि पुढे सरळ.

मी कप्तानला म्हटलं, मेण वेगळं असेल. तो म्हणाला, असेल. थवा वेगळा असेल. असेल. मग मी म्हटलं, की मी तेव्हा रेघ काढलीच नव्हती?  तो म्हणाला, “माशीला तुझ्या बापाशी काय देणंघेणं? तिला जागा दिली, तिने घर बांधलं. कधी तुझं ऐकते, कधी नाही ऐकत. मी तीस वर्षं यांच्यात आहे, मला त्यांनी एकदाही कारण सांगितलं नाही.”

आता मला वेगळीच धास्ती लागलीय. मी पेटीजवळ डोळे मिटून बसते आणि आठवायचा प्रयत्न करते. दिवा आठवतो. डबा आठवतो, त्यावर बिस्किटांचं चित्र होतं. मेण बोटावर सांडलं, फोड आला, तो मी आईपासून लपवला. पण बोटावर खूण उरलेली नाही, मी उन्हात धरून पाहिलं. बारा वर्षं एकच गोष्ट मनात घोळवली की ती झिजते का? तुम्हीही तेच पोळं बारा वर्षं पाहताय. आपल्या दोघांपैकी कोणीतरी एक चुकतंय, आणि सगळे पुरावे तुमच्या बाजूने आहेत.

दोन्ही झाकणांचे फोटो सोबत पाठवतेय. लपवणार होते. नाही लपवले.

भिंगरी

१२ फेब्रुवारी

बाबा,

तुमच्याकडून काही नाही. आई फोनवर एवढंच म्हणाली की फोटो पाहिले, भिंगाखाली पाहिले, आणि त्यांच्यावर काचेचं वजन ठेवून दिलं. “रागावलेत का?” विचारलं तर म्हणाली, “रागावले असते तर मला कळलं असतं. हे वेगळंच आहे. चहात साखर घातली नाही तरी पिऊन टाकतात.”

एक कबुली द्यायची राहिलीय. प्रयोग फसला त्या दिवशी, सगळ्यात आधी, मला बरं वाटलं. अगदी अंगातलं ओझं उतरल्यासारखं. केस नाही, रेघ नाही, माश्याही ऐकत नाहीत; म्हणजे बाई आल्या, भिंग लावलं, तरी त्यांना काही सापडणार नाही. तुमची फजिती होणार नाही. मी पहिलं पत्र लिहिलं ते त्या फजितीच्या भीतीने. ती भीतीच संपली. मग मी गप्प बसायला काय हरकत आहे? ‘माझंच चुकलं, बाबा, लहानपणीचं काहीतरी डोक्यात बसलं होतं’ एवढी एक ओळ लिहायची. तुम्ही पोळं घेऊन जाल, टाळ्या मिळतील, मला घरी बोलवाल, आई माझ्या चपला बघून डोक्याला हात लावेल. ती ओळ मी लिहिली होती. पाकिटात घातली होती. कप्तान पेट्यांना बाहेरून हाका मारत फिरत होता, तो असं करतो, आणि मी ते पाकीट हातात घेऊन उभी होते.

पण त्यानंतर तुम्ही पुन्हा कापड ओढून काढाल, पुन्हा कोणीतरी टोपी हातात घेऊन पुढे येईल, आणि मला माहीत असेल.

म्हणून तीच गोष्ट पुन्हा लिहितेय. ते मी केलं होतं. पुरावा नाही. साक्षीदार नाही. प्रयोग माझ्या विरुद्ध गेलाय. तुम्ही पोळ्यावर लिहिलेल्या पुस्तिकेत विचारता ना, पुराव्याशिवाय माणसाने काही का मानावं? मला उत्तर येत नाही. पण चर्चमधल्या रविवारच्या वर्गात, पोळं यायच्या आधी, तुम्ही आम्हा मुलांना वेगळं शिकवायचात. म्हणायचात की देवावर विश्वास ठेवणं म्हणजे गणित सोडवणं नव्हे, ते कोणाचा तरी शब्द घेणं आहे, त्या माणसाला ओळखून. मला ते बाबा जास्त आवडायचे. ते खडूने फळ्यावर काही सिद्ध करायचे नाहीत, आणि तरी वर्गातून उठावंसं वाटायचं नाही, मलासुद्धा.

तर हा माझा शब्द. घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. तुम्ही मला ओळखता. मी वस्तू हरवते, नोकऱ्या सोडते, पत्रं उशिरा लिहिते. यांतलं सगळं धरून सांगा.

वीस तारखेला आठ दिवस आहेत. माझा जीव टांगणीला लागलाय, एवढंच.

भिंगरी

२० फेब्रुवारी, सभागृहात

बाबा,

उत्तर आलं नाही, म्हणून मीच आले. जाहिरातीच्या कागदाच्या मागे लिहितेय, कारण हात रिकामे ठेवून बसवत नाही. खांबामागची खुर्ची मिळालीय. सभागृह भरलंय. आई पहिल्या रांगेत, तिच्यापासून दोन खुर्च्या सोडून त्या बाई. त्यांनी चहा हातात धरलाय पण पीत नाहीत.

माझ्या मागे दोघं कुजबुजताहेत. “हेच का ते पोळंवाले सर?” “हेच. माझ्या मेहुण्याने तीनदा बघितलंय.” “मग सुधारला?” “सुधारला कसला! पण चर्चला यायला लागला.”

तुम्ही बाजूच्या दाराने आलात. हातात पेटी आहे. कापड आहे.

पेटी टेबलावर ठेवलीत.  म्हणजे माझा शब्द घेतला नाहीत. ठीक आहे. मी उठून जाणार होते, पण रांगेतल्या माणसांचे गुडघे ओलांडावे लागतील आणि सगळे बघतील.

सुरुवात केलीत. वेळापत्रकाचं उदाहरण नाही. नेहमीसारखा घसा खाकरला नाहीत. मी तुमचे शब्द जमतील तसे उतरवतेय.

“मंडळी, मला एक पत्र आलं. माझी मुलगी म्हणते, हे पोळं तिने लहानपणी माश्यांकडून करून घेतलं. मी पुरावा मागितला. केस शोधला, सापडला नाही. तिने प्रयोग केला, फसला. परवा मी ही पेटी घेऊन या बाईंच्या घरी गेलो. त्यांनी दिवसभर तपासली.” बाईंनी मान हलवली. “त्या म्हणाल्या, सर, मला काही सांगता येत नाही. तुम्ही वीस तारखेला खुशाल मांडा, माझ्याकडे याला उत्तर नाही. म्हणजे आजची चर्चा मी जिंकलेली आहे.”

लोक हसले. दोन-चार टाळ्याही पडल्या. तुम्ही हात वर केलात.

“टाळ्या नकोत. मी माझ्या मुलीचा शब्द घेतला आहे.”

 बाबा, माझ्याने लिहवत नाहीये, पण लिहिते.

“प्रभू आहे असं मी मानतो, आजही मानतो. पण तो या मेणामुळे आहे असं मी बारा वर्षं तुम्हाला सांगत फिरलो. तुमचा विश्वास मी या काचेला टेकवून ठेवला. माझाही टेकवला. तो इथून उचलायला आलो आहे. ज्यांना जड जाईल, त्यांनी घरी येऊन मला बोल लावावेत, पत्ता सगळ्यांना माहीत आहे.”

तुम्ही कापड काढलं नाहीत. आईने पदर तोंडाला लावलाय. मधल्या रांगेतून एक गृहस्थ उठलेत, चांगलेच चिडलेत. “सर, हे काय चाललंय? कालपर्यंत पुरावा पुरावा करत होतात. आणि आज पोरीने सांगितलं म्हणून मानलंत?”

तुम्ही म्हणालात, “होय.”

“आणि ती चुकत असेल तर?”

“तर मी तिच्याबरोबर चुकेन. तुम्ही तिलाच विचारा. ती इथे आली आहे की नाही, मला माहीत नाही. तिला एका जागी बसता येत नाही. पण आली असेल, असं मी धरून चाललो आहे.” आणि मग तुम्ही माइकवर, तीनशे लोकांसमोर, ते घरचं नाव घेतलंत. “भिंगरी, पुढे ये. साक्ष तू द्यायची.”

सगळे वळून वळून बघताहेत. मागचा माणूस विचारतोय, कोण भिंगरी?  काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. मी केलं, एवढंच येतं मला. बिस्किटांचा डबा, दिवा, एवढंच. त्यांनी विचारलं, कशावरून, तर काय सांगू?

तुम्ही चष्मा काढून पुसताय आणि भलत्याच बाजूला बघताय. मी उजवीकडे आहे, खांबामागे. हा कागद जाता जाता आईच्या हातात देते. चष्मा लावा, बाबा. उठलेय.